पहिल्या शेजाऱ्याचा खांदा

घंटा वाजली तेव्हा येन्ना गोठ्यात होती. बादली गुडघ्यांत धरलेली, कपाळ गाईच्या उबदार कुशीला टेकलेलं. पहिला टोल पडला आणि हातातली धार तुटली. दुसरा पडला, तिसरा पडला, आणि मग पुरुषमाणूस गेल्यावर वाजवतात तशी लांब, जड, थांबत थांबत येणारी घंटा गोठलेल्या शेतांवरून चालत आली.

ती इतक्यात वाजायला नको होती.

बाबा उजाडता उजाडता गेले होते. मधल्या खोलीत ते तसेच पडून होते, झोपायच्या सदऱ्यातच, कारण तो बदलणं घरच्यांचं काम नव्हतं. आमच्या भागात गेलेल्या माणसाला घरचे हात लावत नाहीत. आधी पहिल्या शेजाऱ्याला सांगायचं. तो येतो, घड्याळ थांबवतो, अंघोळ घालतो, दाढी करतो, बाकीच्या शेजारघरी निरोप देत फिरतो, शेवटी पाद्रींकडे जातो. आणि मग घंटा. आमच्या आज्या जात्यावर बसत नसत, पण चरख्यावर बसून म्हणत:

जवळचा शेजारी, चुलीचा सोबती,
जन्माला पाणी, मरणाला माती.

येन्नाच्या घरचा, लान्सिंकांचा, पहिला शेजारी म्हणजे ओढ्यापलीकडचा डर्क तेर हार. आणि ओढ्यावरच्या साकवावर दोन्हीकडून पंचवीस वर्षांत पाऊल पडलं नव्हतं.

येन्ना तशीच चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात शिरली. टेबलाशी तिचा थोरला भाऊ राइंड बसला होता, आर्नेमहून आदल्या दिवशीच आलेला, विमा कंपनीतला माणूस, मरणाच्या दिवशीही टाय बांधून. त्याच्या समोर गार्रितकाका, बाबांचा धाकटा भाऊ, कॉफीत साखर ढवळत होता. आई खिडकीशी उभी होती, पाठ करून.

"घंटा कुणी सांगितली?"

"मी," राइंड म्हणाला. "पाद्रींना फोन केला. माणूस गेला की घंटा वाजते, येन्ना. त्यात काय झालं?"

"डर्कच्या आधी?"

"डर्कला सांगणारच कोण होतं?"

बाबा गेल्यापासून येन्ना तेच ठरवत होती: दूध काढून झालं की जायचं. धीर यायला गाई बऱ्या असतात. आता डर्कने शेजाऱ्याचं मरण घंटेकडून ऐकलं होतं, परक्या गावच्या माणसाने ऐकावं तसं.

"आता तर प्रश्नच मिटला," राइंड म्हणाला. "झुटफेनहून गाडी मागवतो. काळी, बंद. त्यांची माणसं येतात, उंच टोप्या घालून, सगळं नीट करतात."

"राइंडचं बरोबर आहे," गार्रितकाका म्हणाला. "निदान शोभा तरी होणार नाही. डर्क नाही म्हणाला तर गल्लीतलं एकही घर यायचं नाही. पहिल्याने हात लावल्याशिवाय दुसरा लावत नाही. पेटी दारात, आणि उचलायला कुणी नाही. बघवेल तुला?"

"आणि भाड्याचा खांदा बघवेल?" येन्ना म्हणाली. "तो फिरस्ता सापडला होता ओढ्यात. नावसुद्धा माहीत नव्हतं त्याचं. त्यालाही या गल्लीने उचलला, काका. तुम्हीही होतात."

काकाने चमचा बशीत ठेवला.

"त्या फिरस्त्याने कुणाचा भाऊ पकडून दिला नव्हता."

आईची पाठ हलली नाही.

*

राइंडला ते सगळं आठवत होतं. येन्ना तेव्हा लहान होती. तिने ते ऐकलं होतं, त्याने पाहिलं होतं.

लढाई संपली त्या वसंतात तो दहा वर्षांचा होता. जर्मन होते तोवर बाबा दुधाच्या कॅनखाली निरोप लपवून सायकलवरून पोचवायचे, आणि लढाई संपल्यावर कुणीतरी त्यांना बोलावून नेलं: कचेरीत. तिचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की गावात ते कुणी उच्चारलंच नाही. घाईत उभारलेली, समुद्राकाठच्या एका रिकाम्या हवेलीत थाटलेली कचेरी. शाळामास्तर, छापखानेवाले, कॉलेजातली मुलं, एक पोहायला शिकवणारा. अंधारात काम करून हिंडलेले सगळे एका रात्रीत साहेब झाले. काम काय, तर जर्मनांनी जाताना मागे पेरलेले हेर हुडकायचे. पूर्व सरहद्दीवर म्हणे त्यांचं मोठं जाळं होतं.

त्या उन्हाळ्यात बाबा एकदा मोटारीतून आले होते. मोटारीतून! अंगात चामड्याचा कोट. त्यांनी राइंडला चाकामागे बसवलं, भोंगा वाजवू दिला, आणि मोठ्याने हसले. राइंडने बाबांचं तसं हसणं पुन्हा कधी ऐकलं नाही. त्या एका हसण्याची बाजू तो आयुष्यभर घेत आला होता.

पुढचं गावाला माहीत होतं. डर्कचा भाऊ वेसेल जर्मनांचा ट्रक चालवायचा आणि ते गेल्यावर गायब झाला होता. कचेरीने डर्कला उचललं. डर्क बोलेना. साहेब लोक शहरी बोलीत विचारत, डर्क भिंतीकडे बघत बसे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, याच्या बोलीतला माणूस याच्या कोठडीत घाला. लामर्ट लान्सिंकने, म्हणजे बाबांनी, दाढी वाढवली, फाटका कोट चढवला, आणि 'मलाही धरलंय रे' म्हणत पहिल्या शेजाऱ्याच्या शेजारच्या गवताच्या गादीवर जाऊन पडला.

काही रात्रींनी डर्क बोलला. वेसेल दलदलीतल्या एका खोपटात होता, जिथे पूर्वी जळणाची माती काढणारे राहत. त्याला धरून आणलं. जाळं-बिळं काही निघालं नाही. वेसेल फक्त ट्रक चालवायचा. त्या हिवाळ्यात छावणीत तो छातीच्या दुखण्याने गेला. डर्क सुटला तेव्हा फाटकाशी लामर्ट उभा होता, गुळगुळीत दाढी केलेला, कचेरीच्या ओव्हरकोटात.

आणि कचेरी? वर्ष-दीड वर्षात सरकारलाच तिची लाज वाटायला लागली. वर प्रश्न विचारले गेले, हवेलीला कुलूप लागलं, कागद दुसऱ्या नव्या खात्यात गेले. माणसांना गप्प राहण्याची शपथ देऊन घरी पाठवलं. लान्सिंकांच्या घरात ती शपथ सगळ्यांनीच पाळली. बाबा स्टेशनवरून चालत आले, कोट खुंटीला अडकवला आणि गोठ्यात गेले.

"बाबांनी देशाचं काम केलं," राइंड आता म्हणाला. "ज्यांनी सांगितलं त्यांना पेन्शनी मिळाल्या. बाबांना काय मिळालं? पंचवीस वर्षं चर्चमध्ये शेजारचा मोकळा बाक. मी त्या साकवावरून माफी मागायला जाणार नाही. गाडी येईल, गावातून जाईल, सगळ्यांनी बघावी."

"गावातून?" काकाने मान वर केली. "म्हणजे दूधसंघासमोरून?"

"रस्ता तोच आहे."

"सकाळी? कॅन उतरवायच्या वेळी?" काकाने कप सरकवला. त्याचा जन्म दूधसंघात गेला होता. "नाही नाही. असं कसं, राइंड? तू रविवारी परत जाशील. मला सोमवारी त्यांच्यात उभं राहायचंय. लान्सिंकांना शेजारी नाही म्हणून टोपीवाले आणले, हे मी मरेपर्यंत ऐकायचं?"

"आत्ता तर माझं बरोबर होतं."

"आत्ता मला रस्ता माहीत नव्हता."

येन्नाला हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

तेव्हा आई वळली. आलेइडा फारशी बोलत नसे. या घरात बोलण्याची जागा कुठे असते तेच ती विसरली होती.

"येन्ना," ती म्हणाली, "बूट पूस. काळी शाल घे. साकवाची मधली फळी कुजलीय, कडेने जा."

*

डर्कचं दार सताड उघडं होतं. इतक्या थंडीत कुणी दार उघडं ठेवत नाही. आत, विझत आलेल्या शेगडीशी, डर्क तेर हार खुर्चीत ताठ बसला होता. काळा कोट, पांढरी कॉलर, गुडघ्यावर हॅट.

येन्नाने पाऊल उचललं.

"तिथेच," डर्क म्हणाला. "निरोप उंबऱ्याबाहेरून देतात. हेही विसरलात?"

ती थांबली. "घंटेची चूक झाली, डर्ककाका. राइंडला कळलं नाही."

"शहरात आधी घंटा वाजते आणि मग माणूस मरतं वाटतं."

"मी येणारच होते. मी…"

"ते नंतर. आधी सांग. सांगायचं तसं सांग. बोलावल्याशिवाय मला उठता येत नाही, आणि माझे गुडघे आखडलेत."

येन्नाने शाल डोक्यावर ओढली. ते शब्द तिने लहानपणी ऐकले होते, कधी म्हटले नव्हते.

"लान्सिंकांच्या दारातून आले,
उंबऱ्याबाहेर उभी राहिले;
आमचा लामर्ट देवाघरी गेला,
तुमचे दोन हात मागायला आले."

"ऐकलं," डर्क म्हणाला. "येतो." पण तो उठला नाही. हॅटची कड बोटांनी फिरवत राहिला.

त्या कोटाकडे बघताना येन्नाला दुसरा कोट आठवला, आणि ती बोलून गेली.

"फेनाकाकू गेल्या तेव्हा बाबाही असेच बसले होते."

डर्कची बोटं थांबली. फेना त्याची बायको. ती गेली तेव्हा साकवावरून निरोप घेऊन कुणी आलं नव्हतं. डर्कने दुसऱ्या शेजाऱ्याला पहिला केला होता.

"कुठे बसला होता?"

"स्वयंपाकघरात. काळा कोट घालून. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. आई म्हणाली, जेवून तरी घ्या. तर म्हणाले, कोट चुरगळेल."

"मी निरोप पाठवला नव्हता."

"माहीत होतं त्यांना."

"तरी बसला?"

"तरी बसले."

"गाढव," डर्क म्हणाला. कुणाला म्हणाला ते येन्नाला कळलं नाही. खुर्चीच्या हातावर जोर देऊन तो उठला. "पोरी, काम मी करीन. अंघोळ, दाढी, पेटी, निरोप. ते माझं नाही, शेजाराचं काम आहे. ते सैतान मेला तरी करावं लागतं. पण उचलायचं म्हणशील, तर ते आत्ता सांगत नाही."

"तुम्ही उचललं नाही तर कुणीच उचलणार नाही."

"मलाही गल्ली माहीत आहे. तुझ्या आईला एक विचारायचंय. ती काय म्हणते त्यावर आहे."

"आईला? आईचा काय संबंध?"

"तेच विचारायचंय," डर्क म्हणाला, आणि तिच्या पुढे होऊन साकवाकडे चालू लागला, कुजलेल्या फळीच्या कडेने, न बघता.

*

आलेइडाने कढत पाण्याचं घंगाळ मधल्या खोलीच्या दाराशी ठेवलं आणि रीतीप्रमाणे मागे फिरली.

"थांब," आतून डर्क म्हणाला. "दार लोटून घे."

घड्याळ थांबलेलं होतं. लामर्टच्या अंगावर स्वच्छ चादर होती आणि गालांवर साबणाचा फेस. डर्क त्याच्यावर वाकून वस्तरा चालवत होता, हळू, कानाकडून हनुवटीकडे. आलेइडाला वाटलं, या घरात इतकी वर्षं कुणी कुणाला इतक्या जपून हात लावला नसेल.

"त्याची हनुवटी अवघडच," डर्क म्हणाला. "तिथे खळी आहे. तेव्हाही म्हणायचा, दाढी वाढली ते बरं झालं, खळीत वस्तरा जात नाही."

तेव्हा म्हणजे कधी, हे तिला विचारावं लागलं नाही.

"विचार काय विचारायचंय ते, डर्क."

त्याने वस्तरा फडक्याला पुसला.

"तिथे रात्री दिवा घालवायचे. तो बोलायचा. मी नव्हतो बोलत. त्याने शेतातलं सांगितलं, घोड्याचं सांगितलं. मी गप्प. मग एका रात्री त्याने एका मुलीचं सांगितलं. तुमच्या. राइंडच्या आधीच्या. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तुम्ही तुझ्या माहेरी होतात ना. आम्हाला इकडे काही कळलं नव्हतं." तो लामर्टच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होता. "म्हणाला, बर्फात दाई पोचली नाही. पोर निळी होती. तू गुंगीत होतीस. त्याने तिला आपल्या रविवारच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि कुंपणाजवळच्या ओकच्या झाडाखाली नेलं. जमीन गोठलेली. आधी विस्तव पेटवावा लागला म्हणाला, जमीन मऊ व्हायला. आणि मग रडला. एवढा पुरुष, आलेइडा. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, पहारेकऱ्याला ऐकू जाईल म्हणून. उजाडेपर्यंत धरून बसलो होतो त्याला."

आलेइडाने मागे हाताने दाराची कडी धरली.

"माणूस एवढं देतो तेव्हा आपल्यालाही काहीतरी द्यावंसं वाटतं," डर्क म्हणाला. "माझ्याकडे वेसेल होता. मी वेसेलचं सांगितलं."

बाहेर अंगणात राइंड गार्रितकाकाशी काहीतरी बोलत होता. शब्द कळत नव्हते.

"पंचवीस वर्षं एवढंच विचारतोय मी स्वतःला. ती मुलगी होती का? की कचेरीने शिकवलेलं पाठांतर होतं?"

"पाठांतर असेल तर?"

"तर दाढी पुरी करतो आणि घरी जातो. तुझ्या मुलाची गाडी आहेच."

"आणि नसेल तर?"

"तर त्या रात्री कोठडीत माझ्याबरोबर लामर्ट होता. नंतर त्याने काय केलं ते केलं. ते मी सोडलेलं नाही, सोडणार नाही. पण त्या रात्री मी एकटा नव्हतो."

त्या दिवशी आलेइडा गुंगीतून जागी झाली तेव्हा लामर्ट दाराशी बूट घालत होता. पोर कुठे, तिने विचारलं, आणि तो म्हणाला, झालं ते झालं, आलेइडा, गाई ओरडताहेत. तेवढंच. नंतर रविवारी तिने सदरा शोधला, सापडला नाही. फाटला, टाकून दिला, म्हणाला. तिने मान्य केलं. या माणसाने पोरीकडे वळूनही बघितलं नाही, हेही तिने तेव्हाच मान्य केलं, आणि त्या मान्य केलेल्या गोष्टीशेजारी ती रोज रात्री झोपत आली.

रडला होता तर. विस्तव पेटवून बसला होता. आणि हे त्याने तिला नाही सांगितलं. समुद्राकाठच्या एका कोठडीत नेऊन सांगितलं, दलदलीतल्या एका खोपटाच्या बदल्यात. तिची पोर त्याने वापरली. तिची पोर त्याने इतकी वर्षं उराशी धरली. दोन्ही खरं होतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तो फेस लावून निजला होता.

खोटं होतं म्हणावं, एवढाच शब्द. डर्क घरी जाईल. लामर्ट टोपीवाल्यांच्या गाडीतून जाईल, एकटा, जसा तो तिला ठेवून गेला. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता.

"मुलगी होती," ती म्हणाली. "सदराही गेला होता. मी शोधला होता."

डर्कने डोळे मिटले. मग वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला, खळीत टेकवला.

"टेडा," तो म्हणाला.

"काय?"

"नाव. त्याने ठेवलं होतं. तुला नाही माहीत?"

टेडा. तिच्या आईचं नाव. आलेइडाने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि दार उघडून बाहेर आली.

येन्ना बोळात उभी होती. "काय म्हणाले?"

"उचलतो म्हणाला."

"आणि विचारलं काय?"

आलेइडाने मुलीकडे बघितलं. सांगायला जागा होती. येन्नाचा चेहरा पुढे झुकला होता, सगळं ऐकून घ्यायला तयार.

"पाणी पुरेल का, विचारलं," ती म्हणाली. "अजून एक घंगाळ ठेव."

*

नेण्याच्या दिवशी धुकं इतकं होतं की शेजारी एकेक करून त्यातून प्रकटल्यासारखे आले. कुणी राइंडशी बोललं नाही, पण प्रत्येकाने हॅट काढली. मनुकांचा पाव वाटला गेला, कॉफी झाली. धान्याच्या कोठाराचं मोठं दार, जे एरवी फक्त भरल्या गाडीसाठी उघडतात, दोन्ही बाजूंनी उघडलं.

सवयीने, नाहीतर मनानेच, राइंड पुढे झाला आणि त्याने पेटीखाली हात घातला.

"तू नाही," डर्क म्हणाला. आवाज कडक नव्हता. "तू घरचा आहेस. घरच्यांनी मागून चालायचं." मग म्हणाला, "घंटा चांगली वाजवलीस मात्र. स्पष्ट ऐकू आली."

राइंडच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि तो बहिणीशेजारी जाऊन उभा राहिला. तिने त्याचा हात धरला. गार्रितकाकाने दुसऱ्या बाजूने राइंडच्या कोपराला धरलं.

डर्क डोक्याकडच्या बाजूला गेला, वाकला, खांदा लावला. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"उचला," तो म्हणाला.

पेटी वर गेली. येन्ना रडायला लागली, राइंडही. आलेइडा दोघांच्या मागे चालत होती. मुलांना वाटलं, आई बाबांसाठी प्रार्थना म्हणतेय, म्हणून त्यांनी वळून बघितलं नाही. ती एकच नाव म्हणत होती, ओठ न उघडता, पुन्हा पुन्हा, तोंडाला अजून न रुळलेलं. पुढे धुक्यात फक्त डर्कचा खांदा दिसत होता, आणि या गल्लीत ते नाव माहीत असलेलं दुसरं माणूस तेवढंच होतं.